गाडी शिकायचा खर्च आधीच कसा मांडायचा: लर्निंगपासून एकट्याने गाडी बाहेर काढेपर्यंत

"ड्रायव्हिंग क्लासला किती घेतात?" चारचाकी शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो आणि गडबडही इथूनच सुरू होते. क्लासची फी भरली म्हणजे खर्च झाला असं धरून लोक निघतात. मग कुणाचं लर्निंग लायसन्स संपतं, कुणाला जादा दिवस लावावे लागतात, कुणी चाचणीत नापास होतं. आणि बऱ्याच जणांच्या पाकिटात पक्कं लायसन्स असतं, गाडी मात्र पार्किंगमध्ये उभी. आमच्या सोसायटीत अशा चार तरी गाड्या आहेत. त्यांच्या मालकांनी शिकण्यावर खर्च केला, पण शेवटच्या टप्प्यासाठी पैसे ठेवलेच नव्हते.

मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी शिकले आणि पहिलं लर्निंग वाया घालवलं. त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या सहा-सात जणांचे हिशेब मांडून दिले. खालचा क्रम त्यातून आला आहे. तो महाराष्ट्रात खासगी चारचाकी शिकणाऱ्यांसाठी आहे. क्लासची फी गावोगावी वेगळी असते, म्हणून उदाहरणांतले फीचे आकडे 'समजा' म्हणून घ्या आणि त्या जागी तुमच्याकडचे टाका.

## पायरी १: पैशांच्या आधी कॅलेंडर मांडा

लर्निंग लायसन्स मिळालेल्या तारखेपासून सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची चाचणी त्यानंतर किमान ३० दिवसांनीच देता येते. म्हणजे तुमच्या हातात साधारण पाच महिन्यांची खिडकी असते. शिकणं, सराव, चाचणी आणि नापास झालात तर फेरचाचणी, सगळं त्यातच बसवायचं.

लर्निंगची मुदत संपली तर ती वाढवून मिळत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा लेखी परीक्षा आणि पुन्हा ३० दिवस थांबणं. त्याहून मोठा फटका हातांना बसतो. मधल्या काळात ते विसरतात आणि क्लासचे काही तास पुन्हा विकत घ्यावे लागतात. माझं तेच झालं. लर्निंग मार्चमध्ये काढलं. मग मुलाची परीक्षा, मग ऊन, मग गावी जाणं, मग पाऊस. ऑगस्टअखेर क्लास लावला तेव्हा हातात दोन आठवडे उरले होते.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. पुढच्या तीन महिन्यांत रोज पाऊण तास सलग देता येईल असे चार आठवडे शोधा. लग्नकार्य, परीक्षा, ऑफिसचं वर्षअखेरीचं काम या तारखा आधी खोडा.
२. क्लास ठरवा, वेळ पक्की करा. पैसे अजून भरू नका.
३. क्लास सुरू होण्याच्या आठवडाभर आधी लर्निंग काढा.
४. लर्निंग हातात आल्यावरच गाडीत बसा.

पावसाळ्यात शिकू नये असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. वायपर, काचेवरची वाफ, पाण्याने भरलेला खड्डा, हे मास्तर शेजारी असताना शिकलेलं बरं. फक्त जोरदार पावसाच्या दिवशी क्लास रद्द होतो. तो दिवस भरून देणार का, हे आधीच विचारा.

सावध: "लर्निंग येईल नंतर, तुम्ही उद्यापासून या" असं कुणी म्हणालं तर त्या क्लासला नमस्कार करा. लर्निंगशिवाय रस्त्यावर स्टिअरिंग हातात घेणं म्हणजे विनापरवाना गाडी चालवणं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्नही तिथूनच उभा राहतो.

## पायरी २: सरकारी शुल्काचा कप्पा वेगळा काढा

हा कप्पा सगळ्यात लहान असतो आणि लोक नेमका यावरच सगळ्यात जास्त जादा पैसे देतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मूळ शुल्क असं आहे:

- लर्निंग लायसन्स: प्रत्येक वाहनवर्गासाठी १५० रुपये
- लर्निंगची परीक्षा किंवा फेरपरीक्षा: ५० रुपये
- पक्क्या लायसन्सची चाचणी किंवा फेरचाचणी: प्रत्येक वर्गासाठी ३०० रुपये
- लायसन्स देण्याचं शुल्क: २०० रुपये

यावर स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे येतात. परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर अर्ज करताना एकूण आकडा दिसतो, तोच हिशेबात धरा. सगळं मिळून एका वर्गासाठी हजाराच्या आसपास ठेवलेत की हा कप्पा पुरतो.

आधार वापरून अर्ज केला तर लर्निंगची परीक्षा घरूनच देता येते. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. वाहतूक चिन्हं आणि उजव्या-डाव्या बाजूचे नियम दोन संध्याकाळी नीट वाचले तर परीक्षा अवघड नाही. तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका, आणि आपल्या जागी दुसऱ्याला बसवून तर मुळीच देऊ नका. पुढे रस्त्यावर तीच चिन्हं समोर येणार आहेत.

वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र (फॉर्म १-ए) लागतं. त्याची फी आणि चष्म्याचा नंबर तपासून घेण्याचा खर्च याच कप्प्यात ठेवा. नंबर बदलला असेल तर नवा चष्मा पहिल्या दिवसाच्या आधी करा. अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी दहा दिवस शिकणं म्हणजे दहा दिवसांची फी पाण्यात.

दुचाकीचं लायसन्सही नसेल तर दोन्ही वर्ग एकाच अर्जात टाका. वर्गवार शुल्क वाढेल, पण लायसन्सचं शुल्क, कार्ड आणि फेऱ्या एकदाच होतील. नंतर वेगळा वर्ग जोडायचा म्हणजे पुन्हा लर्निंगपासून सुरुवात.

तपासा: क्लासवाले 'लायसन्ससह पॅकेज' देत असतील तर सरकारी शुल्क किती आणि त्यांच्या कामाचे किती, हे दोन आकडे वेगळे लिहून मागा. मदतीचे पैसे घेण्यात गैर काही नाही. तुम्ही कशाचे पैसे देताय ते तुम्हाला कळलं पाहिजे, एवढंच.

## पायरी ३: फी विचारू नका, तासाचा दर काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

नियमाप्रमाणे खासगी वाहनाचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं असायला हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. '२१ दिवस, रोज अर्धा तास' हे पॅकेज इथूनच आलंय. कागदावर साडेदहा तास भरतात. प्रश्न असा की त्या अर्ध्या तासात स्टिअरिंग तुमच्या हातात किती मिनिटं असतं?

दुसऱ्या वेळी शिकताना मी छोटी वही ठेवली होती. त्यातलं अकराव्या दिवसाचं पान: 'बसले ७.०५. उतरले ७.३५. पंपावर रांग, ८ मिनिटं. पुढच्या मुलीला घ्यायला आतल्या गल्लीत, सर स्वतः चालवत, ६ मिनिटं. माझे हात: १६.' गंमत अशी की त्या दिवशी उतरताना मला अजिबात फसल्यासारखं वाटलं नव्हतं. गाडीत बसून राहिलं की शिकल्यासारखंच वाटतं. आठवड्याची बेरीज केली तेव्हा लक्षात आलं की मी अर्ध्या तासाचे पैसे देत होते आणि जेमतेम वीस मिनिटं शिकत होते.

आता दोन क्लासची तुलना बघा.

पहिला: समजा फी ५,५०० रुपये, २१ दिवस, रोज ३० मिनिटं. कागदावर १०.५ तास, म्हणजे तासाला ५२४ रुपये. पण गाडीत तिघं आणि प्रत्येकाच्या हातात खरी १८ मिनिटं. एकूण ६.३ तास. खरा दर तासाला ८७३ रुपये.

दुसरा: समजा फी ७,५०० रुपये, २१ दिवस, रोज ४५ मिनिटं, गाडीत तुम्ही एकट्या किंवा एकटे. पंप, वळसे वगैरे वजा जाता ३८ मिनिटं. एकूण १३.३ तास. खरा दर तासाला ५६४ रुपये.

'महाग' वाटलेला क्लास तासामागे तीनशे रुपयांनी स्वस्त निघाला, शिवाय दुप्पट सराव देऊन गेला.

फी ठरवण्याआधी क्लासमध्ये हे विचारा:

- गाडीत एका वेळी किती शिकणारे? मागे बसून बघण्याचा वेळ माझ्या वेळेत धरणार का?
- मला घरून घेणार की क्लासवर यायचं? येण्या-जाण्याचे मिनिट कुणाच्या खात्यात?
- गाडीला ड्युअल कंट्रोल आहे ना? (शेजारच्या बाजूला क्लच-ब्रेक नसेल तर विषय संपला.)
- शिकवणारे सर तेच राहणार की रोज बदलणार?
- सुट्टी पडली, गाडी बिघडली, पाऊस आला, तर दिवस भरून मिळणार का?
- पॅकेज संपल्यावर एक जादा तास कितीला? (हा आकडा आजच लिहून घ्या. गरज पडल्यावर विचारलं तर वाढलेला असतो.)
- चाचणीच्या दिवशी गाडी देता का, आणि त्याचे वेगळे किती?

क्लासचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, तो बघा. प्रत्येक शिकणाऱ्याने किती तास गाडी चालवली याची नोंद ठेवायचं फॉर्म १५ नावाचं रजिस्टरही क्लासकडे असावं लागतं. ते मागितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, त्यावरून बरंच काही कळतं.

मोठ्या शहरांजवळ असाल तर मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचीही चौकशी करा. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा केंद्रात हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो, ८ तास वर्गात आणि २१ तास प्रत्यक्ष, चार आठवड्यांच्या आत. तिथलं प्रमाणपत्र मिळालं की आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. फी जास्त असली तरी तासांनी भागून बघा.

सावध: कोपऱ्यावरच्या साध्या क्लासचं प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त केंद्राचं प्रमाणपत्र एक नव्हेत. "आमच्याकडे टेस्ट द्यावी लागत नाही" असं कुणी म्हणालं तर मान्यतेचा कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

## पायरी ४: तुम्हाला किती तास लागतील याचा प्रामाणिक अंदाज

दहा तासांत गाडी हलवता येते. गर्दीत, चढावर, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना गाडी बंद न पाडता काढणं बहुतेकांना दहा तासांत जमत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त ते आधी मांडलेलं असावं.

माझा ठोकताळा असा. पॅकेजचे खरे तास मोजा. तुम्ही वर्षानुवर्षं गिअरची दुचाकी चालवत असाल तर त्यावर दोन-तीन तास राखीव धरा. रस्त्याची जाण आणि क्लचची ओळख असते, शिकायचा असतो तो गाडीच्या रुंदीचा अंदाज. फक्त स्कूटर चालवत असाल तर चार-पाच तास. आयुष्यात कधीच काही चालवलं नसेल, सायकलही रस्त्यावर नेली नसेल, तर आठ. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर आणखी दोन. घाई केली की भीती बसते, आणि भीती घालवायला त्याहून जास्त तास लागतात.

एक अवांतर निर्णय इथेच घ्या: घरची गाडी ऑटोमॅटिक असेल तर शिकायचं कशावर? आपल्याकडे लायसन्सवर हलकं मोटार वाहन एवढंच असतं, मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद नसतो. ऑटोमॅटिकवर तास कमी लागतात हे खरं. तरीही शक्य असेल तर मॅन्युअलवर शिका, असं मी सांगेन. वेळप्रसंगी दुसऱ्याची गाडी दवाखान्यापर्यंत न्यायची पाळी येते, तेव्हा ती ऑटोमॅटिकच असेल याची खात्री नसते. गुडघ्याचा किंवा घोट्याचा त्रास असेल तर मात्र सरळ ऑटोमॅटिकवर शिका आणि राखीव तास अर्धे करा.

तपासा: सातव्या-आठव्या दिवशी सरांना विचारा, "माझं काय कच्चं आहे? किती दिवस आणखी लागतील?" उत्तर मोघम आलं तर स्वतः बघा. सपाट रस्त्यावर गाडी बंद न पाडता दहा वेळा उचलता येते का? हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून, दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवता येते का? गिअर बदलताना नजर खाली जाते का? ही उत्तरं 'नाही' असतील तर राखीव तास लागणार. आजच ते सांगून ठेवा, म्हणजे खंड पडणार नाही.

## पायरी ५: पैसे टप्प्यांत द्या

पूर्ण फी आधी भरली की तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही. बहुतेक क्लास दोन टप्प्यांना तयार होतात: अर्धे सुरुवातीला, अर्धे मधोमध. दुसरा हप्ता देण्याआधी वही उघडा आणि मिनिटांची बेरीज दाखवा. भांडण नको. "सर, दहा दिवसांत माझे साडेतीन तास झालेत, ठरल्यापेक्षा दीड तास कमी. तो पुढे भरून काढू या का?" असं शांतपणे विचारलं की बहुतेक वेळा मिळतो. आमच्या शेजारच्या वहिनींना असेच चार दिवस वाढवून मिळाले.

पावती घ्या. तिच्यावर दिवस, रोजचा वेळ आणि काय काय धरलं आहे ते लिहून घ्या. नुसतं 'कार क्लास' लिहिलेली पावती कामाची नाही.

राखीव तासांचे पैसे क्लासला आधी देऊन ठेवू नका. ते तुमच्याकडे वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात राहू द्या. लागले नाहीत तर पायरी ८ मध्ये लागतीलच.

## पायरी ६: घरच्या गाडीवरचा सराव फुकट नसतो

"क्लास दहा दिवस कर, बाकी मी शिकवतो" हे वाक्य जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतं. घरच्या गाडीवर सराव हवाच. पण केव्हा, आणि कितीला, ते बघून.

आधी नियम. लर्निंगवर गाडी चालवताना पक्कं लायसन्स असलेली, शिकवणारी व्यक्ती शेजारी हवी, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेली. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. पाटी किमान १८ सेंटीमीटर चौकोनी. स्टेशनरीच्या दुकानातलं इवलंसं स्टिकर चालत नाही. या अटी पाळल्या तरच विमा पॉलिसीतलं चालकाचं कलम लर्निंगवाल्याला लागू होतं. एकट्याने सोसायटीबाहेर एक चक्कर मारताना काही झालं तर तो खर्च सगळा तुमचा.

मग खरचटण्याचा हिशेब. शिकताना बंपर कुठेतरी लागतोच. लगेच विम्याचा दावा करायचा मोह होतो. थांबा. दाव्यात सक्तीचा हिस्सा आपल्याला भरावा लागतो, १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावर २,००० रुपये. शिवाय दावा न केल्याची सवलत, म्हणजे एनसीबी, सहसा जाते. ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. सवलतीत दोन-तीन हजार वाचत असतील तर अडीच हजारांच्या ओरखड्यासाठी ती घालवणं तोट्याचं. आणखी सोपा उपाय: लायसन्स मिळून सहा महिने होईपर्यंत रंगकाम करूच नका. सगळे ओरखडे एकदम काढा.

इंधन. शिकणारा माणूस पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतो, म्हणून गाडीचं नेहमीचं ॲव्हरेज धरू नका. आठ रविवार, दर वेळी १५ किलोमीटर, म्हणजे १२० किलोमीटर. लिटरला १० धरलं तर १२ लिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या थोडं वर धरलं तर साधारण १,३०० रुपये.

घरचा सराव क्लासचे निम्मे दिवस झाल्यावर सुरू करा. त्याआधी केला तर क्लच कधी सोडायचा यावर दोन माणसं दोन गोष्टी सांगतात आणि शिकणारा मधल्या मध्ये गोंधळतो. क्लासच्या गाडीचा क्लच आणि घरच्या गाडीचा क्लच वेगळ्या उंचीवर पकडतो, हेही लक्षात असू द्या.

सावध: शेजारी बसणारा माणूस ओरडणारा असेल तर हा सराव टाळा आणि ते तास क्लासकडून विकत घ्या. नवऱ्याच्या, वडिलांच्या किंवा भावाच्या एका ओरडण्याने शिकणं कायमचं सोडलेल्या बायका मला माहीत आहेत. ते नुकसान कुठल्याही फीपेक्षा मोठं.

## पायरी ७: चाचणीचा दिवस

३० दिवस पूर्ण झाले की पोर्टलवर अर्ज करून लगेच अपॉइंटमेंट घ्या. 'आधी पूर्ण येऊ दे, मग घेते' असं करू नका. तारीख मिळायला वेळ लागतो आणि मागे १८० दिवसांचं घड्याळ चालू असतं. लर्निंगच्या साधारण दहाव्या आठवड्यात पहिली चाचणी येईल असं बघा. पुढे दोन प्रयत्नांना जागा राहते.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं आणि सुधारणा प्रशिक्षणही घ्यावं लागतं. म्हणजे तिसऱ्या अपयशानंतर लर्निंगची मुदत हातातून जाण्याची शक्यता मोठी. म्हणून एका फेरचाचणीचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा: ३०० रुपये शुल्क, क्लासच्या गाडीचं त्या दिवसाचं भाडं, आणि तुमची अर्ध्या दिवसाची रजा. रजा बिनपगारी असेल तर तीही रुपयांत लिहा. बहुतेकांच्या हिशेबात सगळ्यात मोठा आकडा तोच निघतो.

चाचणी कुठे होते ते आधी जाऊन बघा. पुण्यात चारचाकीची चाचणी भोसरीच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होते. इतर ठिकाणी आरटीओच्या मैदानावर किंवा ठरलेल्या रस्त्यावर. इंग्रजी आठ, रिव्हर्स, चढावर थांबून पुन्हा निघणं, यांतलं तुमच्याकडे काय घेतात ते क्लासला विचारा आणि राखीव तासांतले शेवटचे दोन फक्त त्यावर घाला. ज्या गाडीवर चाचणी देणार त्याच गाडीवर. आदल्या दिवशी गाडी बदलली तर रिव्हर्सचा अंदाज हमखास चुकतो.

तपासा, आदल्या रात्री: लर्निंगची प्रत, अपॉइंटमेंटची पावती, शुल्काची पावती, ओळखपत्र. चाचणीच्या गाडीची आरसी, विमा, पीयूसी चालू आहेत ना? एखादा कागद संपलेला निघाला तर फेरी वाया जाते आणि भाडं पुन्हा द्यावं लागतं.

## पायरी ८: लायसन्सनंतरचा महिना

लायसन्स टपालाने घरी येतं आणि घरात पेढे वाटले जातात. त्याच आठवड्यात शिकणं थांबतं. दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, "आता विसरले मी सगळं." पार्किंगमधल्या त्या चार गाड्यांची गोष्ट हीच आहे.

म्हणून चार तासांचे पैसे लायसन्स आल्यानंतरसाठी राखून ठेवा. क्लासच्याच सरांना तुमच्या गाडीत, तुमच्या रस्त्यांवर बोलवा. पहिला तास: घर ते ऑफिस किंवा शाळा, ऐन गर्दीच्या वेळी, जाऊन-येऊन. दुसरा: तुमच्याच पार्किंगमध्ये, खांब आणि शेजाऱ्याच्या गाडीमध्ये रिव्हर्स, वीस वेळा. तिसरा: अंधार पडल्यावर, समोरून अप्पर लाइट येत असताना. चौथा: हायवे, लेन बदलणं, ट्रकला ओलांडणं. या चारही गोष्टी पॅकेजमध्ये सहसा नसतात, आणि गाडी बाहेर काढायची भीती नेमकी यांचीच असते.

## सगळा हिशेब एका पानावर

पायरी ३ मधला दुसरा क्लास धरून, 'समजा'चे आकडे:

- क्लासची फी: ७,५०० (दोन टप्प्यांत)
- राखीव ४ तास, तासाला ६०० ने: २,४००
- सरकारी शुल्क, कार्ड, टपाल, डॉक्टर: १,०००
- चाचणीला क्लासची गाडी: १,०००
- एक फेरचाचणी, गाडीसह: १,३००
- घरच्या सरावाचं पेट्रोल: १,३००
- लायसन्सनंतरचे ४ तास: २,४००

एकूण १६,९०० रुपये. फक्त फी धरून निघालेल्या माणसाने ७,५०० ची तयारी केली होती. फरक फीपेक्षाही मोठा आहे, आणि तो एकदम समोर येत नाही, चार महिन्यांत तुकड्या-तुकड्याने येतो. म्हणून ऐन वेळी शेवटचाच तुकडा कापला जातो.

हातात एवढे पैसे एकदम नसतील तर क्लास स्वस्तातला बघण्याऐवजी सुरुवात दोन महिने पुढे ढकला आणि दर महिन्याला रक्कम बाजूला टाका. लर्निंग काढायचं थांबवायला काही लागत नाही. घड्याळ ते काढल्यावरच सुरू होतं. आणि तरीही कुठे कापायचंच झालं तर घरच्या सरावाचे दोन रविवार कापा, लायसन्सनंतरचे चार तास कापू नका.

वहीचं पहिलं पान असं आखा: वर लर्निंगची तारीख, तिच्याखाली ३० वा दिवस, ७० वा दिवस आणि १८० वा दिवस, तिन्ही तारखा लाल पेनाने. मग रकाने: तारीख, बसण्याची वेळ, उतरण्याची वेळ, हातातली मिनिटं, दिलेले पैसे, आज काय अडलं. शेवटचा रकाना रोज भरा. जादा तास घ्यायची वेळ आली की सरांना तोच दाखवायचा, म्हणजे ते सरळ चढावर नेतात, मैदानाच्या चकरा मारत बसत नाहीत.